सुंबा बेटावरच्या गावात मित्राच्या नावावर जमीन घ्यावी का? जरा सविस्तर सांगते

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, आयटीत आहेत, काम घरून. गेल्या सप्टेंबरात इंडोनेशियात पश्चिम सुंबातल्या लांबोया भागात एका गावात दहा दिवस राहून आले आणि त्या जागेने त्यांना वेड लावलं. तिथे ओळख झालेला एक मित्र समुद्राकडे उतरणारी साधारण ३० गुंठे जमीन मिळवून देतोय, नाशिकात वन बीएचकेसुद्धा येणार नाही एवढ्या पैशात. मित्र म्हणतो जमीन माझ्या नावावर घेऊ, आपल्या दोघांत नोटरीकडे पक्का करार करू. तर घ्यावी का, बायको आणि अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन वर्षातले सहा महिने तिथे राहता येईल का, आणि घरात सगळे शाकाहारी, ते जमेल का.

मी मूळची गुहागरची. २०१० मध्ये काजूच्या कामासाठी सुंबात आले आणि इथेच लग्न होऊन राहिले, नवरा पूर्व सुंबाचा, वाईंगापूचा. गेली आठ-नऊ वर्षं बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी जमिनीचे कागद तपासणं, मोजणीच्या दिवशी दुभाषी म्हणून उभं राहणं हेच माझं काम आहे. त्यामुळे जे सांगतेय ते डोळ्यासमोर घडलेलं आहे. आधी उत्तर देते, कारणं मग सांगते: मित्राच्या नावावर घेऊ नका. मित्र कितीही चांगला असला तरी नाही. आणि तो बहुतेक चांगलाच असेल, म्हणूनच सांगतेय.

तुम्ही प्रश्न विचारलाय कागदाचा, की करार पक्का होईल का. पण माझ्या अनुभवात सुंबात कागदाच्या आधी दुसरा प्रश्न येतो, की ही जमीन विकायचा अधिकार नक्की कोणाचा आहे. आपल्याकडे आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आहेत का बघतो, बहिणींनी हक्कसोड दिलंय का बघतो, आणि तरीही एखादा चुलतभाऊ उगवतोच. सुंबात तो चुलतभाऊ म्हणजे पूर्ण कुळी असते. तिथे कुळीला काबिहू किंवा काबिसू म्हणतात, पूर्वेला एक उच्चार आणि पश्चिमेला दुसरा, आणि वडिलोपार्जित जमीन ही त्या कुळीची, तिच्या पूर्वजांची मानली जाते. मारापू म्हणजे त्या पूर्वजांना मानणारी परंपरा, आणि बरेच लोक आज चर्चमध्ये जात असले तरी जमीन, लग्न आणि मरण या तीन गोष्टींत मारापूच चालतो. कसणारा माणूस एक, विकायला निघालेला दुसरा, आणि ज्याच्या शब्दाशिवाय विक्री होत नाही तो तिसराच, तोही कदाचित दुसऱ्या डोंगरावरच्या गावात राहणारा म्हातारा.

आता कायदा. इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६० चा, कायदा क्रमांक ५. त्यात पूर्ण मालकी म्हणजे हाक मिलिक (हाक म्हणजे आपला हक्कच, मिलिक म्हणजे मालकी, दोन्ही शब्द अरबीतून आलेत) ही फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला नाही, म्हणजे नाहीच. मग लोक काय करतात, तर स्थानिकाच्या नावावर घेतात आणि जोडीला कागदांचा गठ्ठा करतात: मी तुला कर्ज दिलंय असा करार, त्या कर्जापोटी जमीन गहाण, वर कधीही न मोडणारं कुलमुखत्यारपत्र, आणि शिवाय तीस-चाळीस वर्षांचा भाडेकरार. तुमचा मित्र म्हणतोय तो पक्का करार म्हणजे हाच गठ्ठा असणार. पण त्याच कायद्याचं कलम २६ असं सांगतं की परदेशी माणसाकडे सरळ किंवा आडमार्गाने मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. जमीन जाईलच, वर पैसे परत मिळावेत म्हणून कोर्टात उभं राहायलाही जागा उरत नाही. त्यामुळे उद्या मित्राशी बिनसलं, किंवा मित्राचं काही बरंवाईट झालं आणि त्याची मुलं मोठी होऊन म्हणाली की जमीन बाबांच्या नावावर आहे, तर तुमच्या हातातला प्रत्येक कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो.

आणि मित्राच्या बाजूनेही विचार करा. गावात जमीन एकाच्या नावावर दिसते पण पैसे परक्याचे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. घरात कोणी वारलं की म्हशी कापायच्या, लग्नात बेलिस द्यायचा म्हणजे घोडे आणि म्हशी द्यायच्या, आणि तेव्हा नातेवाईक त्याच्याकडेच बघणार, तुझ्या नावावर एवढी जमीन आहे मग तू कमी का देतोस. कागदावर श्रीमंत आणि खिशात काहीच नाही अशा अवस्थेत अडकलेला एक तरुण मी पाहिलाय, शेवटी त्याने ती जमीन गहाण टाकली. तो लबाड नव्हता, त्याची कोंडी झाली होती.

आमची स्वतःची गोष्ट सांगते. माझं लग्न २०१३ चं, आणि लग्नाआधी आम्ही संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार केला नव्हता, तेव्हा असा करार लग्नाआधीच करावा लागायचा आणि आम्हाला कोणी सांगितलंच नाही. त्याचा अर्थ असा की नवरा इंडोनेशियन असूनही माझ्यामुळे त्याला हाक मिलिक घेता येत नव्हतं, कारण लग्नानंतरची मिळकत दोघांची धरतात. घटना न्यायालयाचा निकाल २०१६ मध्ये आला की असा करार लग्नानंतरही करता येईल, तो आम्ही केला, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोदीच्या बाजूला नवऱ्याच्या नावावर २० आर जागा घ्यायची ठरवली. (तिकडे भाव आरेवर सांगतात, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचं आर, जवळजवळ एक गुंठा, तेवढा हिशोब आपल्याला सोपा जातो.) दोघा भावांची जमीन, दोघं तयार, गावप्रमुखाची सही झाली, आम्ही अनामत दिली.

मोजणीच्या दिवशी सकाळी सातला सगळे जमले. भूमी कार्यालयाचा माणूस टेप आणि जीपीएस घेऊन आलेला, शेजारचे चारही जमीनवाले आलेले, कारण हद्दीवर त्यांची संमती लागते. झाडाखाली चटई घातली आणि सिरी-पिनांगची टोपली फिरली. हे समजून घ्या, सिरी-पिनांग म्हणजे आपला विडा-सुपारीच, फक्त तिथे पानाऐवजी नागवेलीचं शेंगेसारखं लांब फळ खातात, चुन्यात बुडवून, ओल्या सुपारीच्या फोडीबरोबर. टोपली समोर आली की घ्यायचं, चघळायचं नसेल तरी हातात घ्यायचं, त्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. तर टोपली फिरत असताना खालच्या वाटेने एक म्हातारी आली, कोणाशी बोलली नाही, आणि जमिनीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात एक सपाट दगड होता त्यावर जाऊन बसली. आम्ही तो दगड म्हणजे साधा खडक समजत होतो. मोठ्या भावाने स्वतः उठून टोपली तिच्यासमोर नेली, तिने टोपलीकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवले. बस. एवढंच झालं. सगळी माणसं गप्प झाली, मोजणीवाल्याने टेप गुंडाळायला घेतली, मला तेव्हा काही कळेना. नवऱ्यालाही पटकन कळलं नाही, कारण पूर्वेची भाषा कांबेरा आणि कोदीची भाषा वेगळी, त्यालाही तिथे कोणीतरी समजावून सांगावं लागतं. मग कळलं की तो दगड म्हणजे त्या म्हातारीच्या सासूचं थडगं, ती दुसऱ्या शाखेतली, आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं. व्यवहार तिथेच संपला. अनामतीतली निम्मी रक्कम दोन वर्षांत थोडी थोडी परत आली, उरलेली आली नाही, आणि मी नंतर मागितलीही नाही.

त्या दिवसापासून कोणाचीही जमीन बघायला गेले की मी आधी थडगी शोधते. सुंबात पूर्वजांना मोठ्या दगडी थडग्यांत पुरतात, गावाच्या मधोमध, घरांसमोर, आणि कधी कधी शेतातही. जमिनीत थडगं असेल तर ती जमीन कागदावर विकली गेली तरी त्या माणसांच्या मनात विकली जात नाही, ते येत राहणार, विधी करत राहणार, आणि त्यांचं येणं योग्यच आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, लांबोया. त्याच भागात मारोसीच्या किनाऱ्याजवळ एप्रिल २०१८ मध्ये पर्यटनासाठी घेतलेल्या जमिनीची मोजणी पोलीस बंदोबस्तात चालू होती, गावकऱ्यांनी विरोध केला आणि त्यात एक शेतकरी गोळी लागून मेला. तो किनारा आज फोटोत फार सुंदर दिसतो. मी घाबरवायला सांगत नाहीये, पण तिथल्या लोकांच्या मनात मोजणीची टेप आणि परका माणूस यांचं काय नातं आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्ही कितीही प्रेमाने गेलात तरी त्या आठवणीच्या आत जाताय.

कागदाकडे परत येते. समुद्राकडे उतरणारी जमीन म्हणालात, तर भरतीच्या सर्वात वरच्या रेषेपासून किमान १०० मीटरचा पट्टा किनारा-संरक्षणात जातो, तिथे घर बांधता येत नाही. तुमचे ३० गुंठे म्हणजे साधारण ३,००० चौरस मीटर, तो तुकडा ३० मीटर रुंद आणि १०० मीटर खोल असेल आणि पाण्याला लागून असेल तर सगळाच्या सगळा त्या पट्ट्यात गेला. म्हणून भाव कमी असतो. आणि हा पट्टा नुसता कायद्याचा नाही, १९ ऑगस्ट १९७७ ला सुंबाच्या दक्षिणेला ८.३ तीव्रतेचा भूकंप होऊन त्सुनामी आली होती, सुंबा आणि शेजारच्या सुंबावात माणसं वाहून गेली. तुमचं गाव दक्षिण किनाऱ्यावरच आहे. जुनी गावं टेकडीच्या डोक्यावर का वसलेली आहेत असं विचारलं तर लोक शत्रूपासून बचावाचं कारण सांगतात, पण मी स्वतः राहायला घेताना समुद्रापासूनची उंचीही बघते.

प्रमाणपत्र असेल तर त्याची मूळ प्रत बघा आणि जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात तपासून घ्या, सेंतुह तानाहकू नावाचं सरकारी ॲपही आहे, त्यात नोंदलेला तुकडा नकाशावर दिसतो. सुंबात अजून पुष्कळ जमीन नोंदलेलीच नाही, २०१७ पासून सरकारने गावोगाव एकगठ्ठा नोंदणीची मोहीम काढली तरी. नुसता गावप्रमुखाच्या सहीचा दाखला दाखवत असतील तर तो मालकीचा पुरावा नाही. आणि नोटरी हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यासमोर कोर्टाबाहेर शिक्का मारणारा माणूस येतो, तसं तिथे नाही, तिथला नोटारिस हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि जमिनीच्या खरेदीखतासाठी वेगळा अधिकार लागतो, त्याला पेपेआते म्हणतात, बऱ्याचदा एकाच माणसाकडे दोन्ही असतं. तुमच्या बाजूने वेगळा माणूस घ्या, विकणाऱ्याने आणलेला नको.

मग परदेशी माणसाला काहीच मार्ग नाही का, तर आहेत, पण कोणता बसेल ते तुमच्या परिस्थितीवर आहे. एक, हाक पाकाई म्हणजे वापराचा हक्क, राहण्याचा परवाना असलेल्याला घरासाठी मिळतो, ३० वर्षं, मग २० आणि मग ३० अशी वाढ मिळते, पण घराच्या किमान किमतीची अट प्रांताप्रमाणे असते आणि जागेला २,००० चौरस मीटरची मर्यादा. दोन, परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढणे, त्यात गुंतवणूक १० अब्ज रुपियापेक्षा जास्त दाखवावी लागते, आपले पाच कोटींच्या वर, आणि सहसा त्यात जमीन आणि इमारत धरत नाहीत. होमस्टे आणि दोन खोल्यांसाठी हे करू नका. तीन, भाडेकरार, हाक सेवा. सेवा म्हणजे तिथे भाडं बरं का, आपली सेवा नव्हे. तुमच्यासाठी मला यातलाच मार्ग दिसतो, तोही छोटा: पाच किंवा फार तर दहा वर्षं, नोटारिसकडे केलेला, ज्यावर जमीन देणाऱ्या कुटुंबाच्या दोन्ही-तिन्ही शाखांच्या सह्या, साक्षी (तिथे साक्सीच म्हणतात) म्हणून गावप्रमुख आणि त्या कुळीचा रातो म्हणजे पुजारी, आणि मुदत संपली की बांधकामाचं काय करायचं ते स्पष्ट लिहिलेलं. बालीत २५-३० वर्षांचे करार सर्रास होतात, सुंबाच्या गावात मी ते सुचवत नाही, कारण इतक्या वर्षांत देणारी पिढी बदलते आणि आजचा भाव त्यांच्या मुलांना फसवणूक वाटतो. बांधायचं ते लाकूड-बांबूचं, सुटं करता येईल असं, आणि त्यात घाला ते पैसे गेले तरी तुमच्या मुलीच्या शिक्षणाला धक्का लागणार नाही एवढेच.

भारताकडची बाजूही बघा, हे कोणी सांगत नाही. तुम्ही भारतात निवासी आहात म्हणजे बाहेर पैसे पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या योजनेतून, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि १० लाखांच्या वर गेलं की बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापते, तो नंतर रिटर्नमध्ये वळता होतो पण अडकतो. पाठवताना कारण लिहावं लागतं, आणि परदेशातली मालमत्ता इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावी लागते. आता मित्राच्या नावावरच्या जमिनीसाठी तुम्ही काय कारण लिहिणार? कर्ज म्हणून लिहिलं तर ती मालमत्ता नाही, मालमत्ता म्हणून लिहिलं तर ती तुमच्या नावावर नाही. दोन्ही देशांत एकाच वेळी खोटं बोलावं लागतं, आणि हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

सहा महिने राहण्याचं. भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ऑनलाइनही, ५ लाख रुपिया, ३० दिवस, आणि एकदा ३० दिवस वाढतो. जास्त राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड आणि ६० दिवसांच्या वर गेलं की हद्दपारी. या व्हिसावर काम करता येत नाही. परदेशी कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांना एक वर्षाचा वेगळा परवाना आहे, त्याला वर्षाचं ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, तुमचं तेवढं असेल तर तोच घ्या. मुलीची शाळा मात्र भेटीच्या व्हिसावर होत नाही, आणि गावातली शाळा इंडोनेशियन भाषेत चालते, तेव्हा सहा महिन्यांचा हट्ट तिच्यासाठी सोडा असं माझं स्पष्ट मत आहे, सुट्टीत या. आणि गावात कुठेही मुक्काम केला की २४ तासांत गावप्रमुखाला कळवायचं, पाटीच असते, तामू वाजिब लापोर, पाहुण्यांनी नोंद करणं बंधनकारक. वाजिब म्हणजे तिथे सक्तीचं, आपल्यासारखं वाजवी नव्हे. पासपोर्टची प्रत आणि सोबत सिरी-पिनांग घेऊन गेलात तर तिथेच अर्धी ओळख होते.

तुम्ही सप्टेंबरात गेलात, तो सुंबाचा कोरडा काळ, गवत सोनेरी, रस्ते सुके, समुद्र निळा. डिसेंबर ते मार्च बघितलेला नाहीये. माझ्या मते हीच तुमची सगळ्यात मोठी उणीव आहे. पावसात चिखलाचा रस्ता बंद होतो, वीज जाते, समुद्र खवळला की सुंबावातल्या सापेहून सुंबाच्या वाईकेलो बंदरात येणारी फेरी आठवडा-आठवडा येत नाही आणि मग जवळच्या तांबोलाका शहराच्या बाजारात कांद्यापासून सगळं संपत जातं. एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळ आलं तेव्हा पूर्वेला कांबानिरूचं धरण फुटलं, माझ्या सासरच्या माणसांनी ते पाणी पाहिलंय. आणि गंमत म्हणजे एवढं पाणी पडूनही पिण्याच्या पाण्याची ओरड असते, कारण जमीन चुनखडीची, पाणी खाली निघून जातं, टेकडीवरच्या गावात बायका-मुलं कॅन घेऊन लांबून पाणी आणतात. तुम्ही तिथे घर बांधलंत आणि रोज टँकर मागवून आंघोळी केल्यात, शेजारची मुलगी कॅन घेऊन तुमच्या दारावरून जातेय, हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि मग ठरवा. छताचं पाणी धरणारी मोठी टाकी पहिल्यांदा बांधायची, घर नंतर, आणि टाकीचा एक नळ रस्त्याकडे काढायचा. आम्ही तसंच केलंय.

मलेरिया आहे, तो गृहीत धरा. मच्छरदाणी रोज, मुलीसाठी तर नक्की, आणि ताप आला की त्याच दिवशी पुस्केस्मासमध्ये म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासायचं, वाट बघायची नाही. परत नाशिकला गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरला सुंबाचं नाव सांगायचं. मोठं आजारपण असेल तर पश्चिमेचं मुख्य शहर वाईकाबुबाक किंवा पूर्वेच्या वाईंगापूपर्यंत इलाज, त्यापुढे विमानाने बाली, आणि तो खर्च उचलणारा विमा असल्याशिवाय मुलीला आणू नका. बालीहून तांबोलाकाला विमान तासाभराचं आहे, पण ते रोज वेळेवर उडतंच असं नाही, म्हणून परतीचं आंतरराष्ट्रीय विमान आणि सुंबाचं विमान एकाच दिवशी धरू नका. वाईंगापू ते वाईकाबुबाक रस्त्याने साडेतीन-चार तास. अंधार पडल्यावर प्रवास नको, गुरांच्या चोऱ्या होतात आणि रात्री रस्त्यावर परका माणूस दिसला की संशय येतो. पश्चिमेकडचे पुरुष कमरेला कोयता लावूनच फिरतात, ते बघून घाबरू नका, तो पोशाखाचा भाग आहे.

शाकाहाराचं विचारलंत, ते जमतं, मी वीस-एक पाहुणे तसे सांभाळलेत. शेवग्याचा पाला तिथे रोजच्या जेवणात असतो, कसाव्याचा पाला, पपईची फुलं परतून, मका-तांदूळ एकत्र शिजवलेला, मूग मिळतात, नारळ तर आहेच, शहरात टोफू आणि तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. दोन गोष्टी सांभाळा, भाजीतसुद्धा कोंबडीच्या चवीची पावडर किंवा कोळंबीची चटणी घालतात, आधी सांगावं लागतं. आणि मानाच्या पाहुण्यासाठी डुक्कर कापतात. ते कापल्यावर नाही म्हणणं फार वाईट दिसतं, म्हणून पोहोचायच्या आधी निरोप द्या की आमच्या घरात मांस पेमाली आहे. पेमाली म्हणजे वर्ज्य, पूर्वजांपासून न चालणारं. मला आवडत नाही म्हणालात तर आग्रह होतो, पेमाली म्हणालात की कोणी आग्रह करत नाही, कारण त्यांच्या प्रत्येक कुळीलाही काहीतरी पेमाली असतंच. कॉफी आणि सिरी-पिनांग मात्र नाकारू नका. एक लक्षात ठेवा, तिथे कुठल्याही आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात आणि वडीलधाऱ्या पुरुषाला बापा, मुलीला हे आधी सांगून ठेवा, ती पटकन शिकेल आणि त्या बायका तिला मांडीवरून खाली उतरवणार नाहीत.

तर क्रम असा ठेवा. मित्राला कळवा की तुझ्या नावावर घेणार नाही, कारण कायद्याने त्यात तूही अडकतोस. हे त्याला फोनवर नको, समोर बसून सांगा, आणि सांगताना एखादं छोटं नातं पुढे ठेवा, त्याच्या घरातली एक खोली महिन्याने घ्या किंवा वाईकाबुबाकमध्ये वर्षाने घर भाड्याने घ्या, तिथे त्याला कोंत्राक म्हणतात, वर्षाचे पैसे आधी द्यायचे. येत्या जानेवारी-फेब्रुवारीत एकटे या, बायको-मुलीला नको. फेब्रुवारीत लांबोयाचा पासोला असतो, घोड्यांवरून भाले फेकायचा विधी, समुद्रात न्याले नावाचे किडे आले की रातो चंद्र बघून दिवस ठरवतात. तो काळ गावात काढलात तर कोण कोणाच्या कुळीचं, कोणाचा शब्द चालतो, तुमचा मित्र त्या माणसांत कुठे बसतो, हे तीन आठवड्यांत असं कळेल की कुठल्याही कागदातून कळणार नाही. त्यानंतरही मन तिथेच असेल तर पाच वर्षांच्या कराराचं बोलू, मसुदा मी बघून देईन.

त्याआधी मला तीन गोष्टी कळवा: जमिनीला प्रमाणपत्र आहे की नुसता गावप्रमुखाचा दाखला, तुकडा भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर सुरू होतो, आणि तुमच्याकडे असलेल्या फोटोंत कुठे सपाट, एकटा ठेवलेला मोठा दगड दिसतोय का. दिसत असेल तर तो फोटो मित्राला पाठवा आणि एवढंच विचारा की इथे कोण झोपलंय.